गॅलरीनं ठेवलेलं नाव

2015 ते 2019 या काळात पुण्यानं देशपातळीवर खेळणारे चार फुटबॉल संघ गमावले. पुणे एफसी आणि भारत एफसी 2015 मध्ये थांबले. डीएसके शिवाजियन्स 2017 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. 2019 मध्ये एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादच्या नव्या संघानं घेतली. या पडझडीच्या आर्थिक बाजूवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते या संघांच्या नावांबद्दल, आणि त्यांतलं कोणतं नाव पुणेकरांच्या तोंडात बसलं याबद्दल.

सुरुवात आमच्या धायरीपासून करतो. डीएसके हे नाव इथं फुटबॉलमुळे आलं नाही. डोंगराच्या उतारावर डीएसके विश्व हे गृहसंकुल उभं राहिलं, रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता झालं आणि लोकांच्या बोलण्यात रुळलं. त्यामुळे 2015-16 च्या हंगामात डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये उतरला, तेव्हा नावातला अर्धा भाग धायरीला नवा नव्हताच. मूळ संघ 1987 चा, पुण्यातल्या स्थानिक स्पर्धांमध्ये खेळणारा, नाव नुसतं शिवाजियन्स. पुढं डीएसकेंचा बांधकाम व्यवसायातला पैसा आला, लिव्हरपूलसारख्या इंग्लिश क्लबशी जोडलेली अकादमी आली. आज मुंबई सिटीकडून आणि भारताकडून खेळणारा मिझोरमचा लालियनझुआला छांगते याच अकादमीत तयार झाला. काम खरं होतं आणि चांगलं होतं.

पण हे नाव ओरडून बघा. ‘डी-एस-के’ हे तीन ठोके टाळीवर छान बसतात, ‘शिवाजियन्स’ मात्र शेवटच्या ‘न्स’शी येऊन अडतं. आपल्याकडची घोषणा शेवटच्या स्वरावर जगते. ‘मोरया’तला ‘या’ पाहिजे तितका लांबवता येतो. ‘आला रे आला’ म्हणताना ‘ला’ हवा तितका ताणता येतो. एक जण आरोळी देतो, बाकीचे उचलतात, आणि उचलायला शेवटी मोकळा स्वर लागतो. म्हणून या संघाच्या बाबतीत घोषणेला सोपा होता तो मालकाच्या आद्याक्षरांचा भाग, आणि 1987 पासूनचं जुनं नाव मागं राहिलं. मला याची हळहळ वाटते.

भारत एफसीची अडचण वेगळी. कल्याणी समूहाचा हा संघ एकच हंगाम खेळला. ‘भारत, भारत’ ही घोषणा प्रत्येकाच्या तोंडात तयार होती, पण समोर कोलकात्याचा किंवा गोव्याचा संघ असताना ती कुणाच्या विरुद्ध द्यायची? त्या मानानं 2007 मध्ये सुरू झालेला पुणे एफसी भाग्यवान. नाव छोटं, गाव नावातच, आणि 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा क्रमांक. त्याचं टोपणनाव ‘रेड लिझर्ड्स’. सिंहगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला ते ऐकून घोरपड आठवणार, यशवंती आठवणार, तानाजी आठवणार. ‘घोरपड’ हीच हाक गॅलरीत रुजवायला हवी होती असं मला आजही वाटतं.

एफसी पुणे सिटीचे समर्थक स्वतःला ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवत. बालेवाडीला मी बसायचो त्या बाजूला पाठीमागच्या रांगेत कॉलेजची मुलं ढोल घेऊन यायची. निवेदक संपूर्ण नाव घ्यायचा. मुलं पुढचं ‘एफसी’ टाकायची, मागचं ‘सिटी’ टाकायची आणि उरलेलं ‘पुणे’ दोन ठोक्यांत वाजवायची. ‘पु’ आखूड, ‘णे’ लांब. मधेच कुणीतरी ‘छत्रपती शिवाजी महाराज की’ म्हणायचं आणि सगळं स्टँड ‘जय’ म्हणून उठायचं. 2017-18 मध्ये संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला तेव्हा ती ‘पुणे’ची हाक अंगावर काटा आणायची. आणखी एका हंगामानंतर ती हाक द्यायला संघ उरला नाही.

मालकानं नावाला काहीही जोडावं, गॅलरी तेवढंच ठेवते जेवढं तिला आपलं वाटतं. कोलकात्याचा मोहन बागान 1889 चा, तिथलाच ईस्ट बंगाल 1920 चा. मधल्या काळात मद्य कंपन्यांची नावं दोघांनाही चिकटली. कागदोपत्री मॅकडॉवेल मोहन बागान आणि किंगफिशर ईस्ट बंगाल असं लिहिलं जायचं. गॅलरीत मात्र ‘जॉय मोहन बागान’ आणि ‘जॉय ईस्ट बंगाल’ एवढंच. 2020 मध्ये मोहन बागानचा फुटबॉल विभाग एटीके या संघाशी जोडला गेला आणि नाव झालं एटीके मोहन बागान. समर्थकांनी ती तीन अक्षरं कधीच स्वीकारली नाहीत, ती काढा म्हणून आंदोलनं केली. मार्च 2023 मध्ये गोव्यात फातोर्डाच्या मैदानावर संघानं इंडियन सुपर लीगचा करंडक जिंकला आणि त्याच रात्री मालकांनी ‘एटीके’ वगळत असल्याचं जाहीर केलं. इंग्लंडमध्ये हल सिटीच्या मालकाला संघाचं नाव ‘हल टायगर्स’ करायचं होतं. समर्थक ‘सिटी’ या साध्या शब्दासाठी उभे राहिले आणि 2014 मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेनं मालकाचा अर्ज फेटाळला.

यावरून उद्योगपतीचं नाव मैदानात कधीच रुजत नाही असं कुणी म्हणेल, तर त्यानं गोव्याकडे बघावं. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स ही सरळसरळ घराण्यांची नावं. तरी गोव्यातल्या घराघरांत ती फुटबॉलची नावं म्हणून घेतली गेली, कारण ही घराणी तिथलीच आणि संघ पिढ्यान्‌पिढ्या टिकले. धेंपोनं राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलं. नव्या एफसी गोवाच्या समर्थकांनी ‘फोर्सा गोवा’ ही पोर्तुगीज वळणाची हाक उचलली, तीही गोव्याच्या जिभेला परकी नव्हती. मुंबई सिटीनं ‘आमची मुंबई’च्या चालीवर ‘आमची सिटी’ केलं आणि ते चाललं. ‘न्स’वर अडणाऱ्या नावाचंही तसंच. ब्राझीलमधल्या साओ पाउलोचा कोरिंथियान्स 1910 मध्ये स्थापन झाला, नाव एका इंग्लिश हौशी संघावरून घेतलं, आणि ते नाव तिथलं स्टेडियम शंभर वर्षं गर्जून घेतं आहे. शिवाजियन्सला वरच्या पातळीवर दोनच हंगाम मिळाले. आणखी वीस वर्षं मिळती, तर धायरीच्या पोरांनी त्या नावाला नक्कीच आपली चाल लावली असती.

महाराष्ट्रात ही वर्षं मिळाली ती कोल्हापूरला. तिथले संघ कुणा कंपनीनं काढलेले नाहीत, ते तालमींचे आणि मंडळांचे आहेत. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबाग मैदान उभं केलं, पेठापेठांतल्या तालमी भरभराटीला आल्या. 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली आणि फुटबॉलला घर मिळालं. संघ निघाले ते तालमीचंच नाव घेऊन. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, जुना बुधवार पेठ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. ही यादी वाचतानाच गावाचा नकाशा डोळ्यांपुढं येतो. यातलं कुठलंही नाव लोगो काढणाऱ्या कंपनीला सुचलं नसतं.

गॅलरीनं ही लांबलचक नावं आपल्या हातानं कापली. ‘तालीम मंडळ’ गळून पडलं. पाटाकडीलचं ‘पीटीएम’ झालं आणि ‘पाटाकडील’ही राहिलं. ‘पीटीएम’ टाळीसाठी, ‘पाटाकडील’ चर्चेसाठी. ‘दिलबहार’ दोन झोकांत म्हणता येतं. ‘खंडोबा’ तर आरोळीसाठीच घडवलेलं नाव, शेवटचा ‘बा’ छातीतून निघतो. प्रॅक्टिस क्लब या संघाचं नाव इंग्रजी, पण कोल्हापुरात ‘आज प्रॅक्टिसची मॅच हाय’ म्हटल्यावर सरावाचा सामना असं कुणीही समजत नाही. अलीकडं तालमींनी नायजेरियन खेळाडूही आणले. मैदानात उतरला की तोही खंडोबाचा किंवा दिलबहारचा. माणूस कुठला हे गॅलरी विचारत नाही, अंगात कुठली जर्सी आहे ते बघते.

याची काळी बाजूही आहे. नाव पेठेचं असल्यामुळं त्याला लागलेला शब्द पेठेला लागतो. टोमणा, मग शिवी, मग दगड, असं अनेकदा घडलं आहे. पोलिसांचा बंदोबस्त लागला, सामने थांबवावे लागले. हे मला मुळीच मान्य नाही, आणि ज्येष्ठ खेळाडूंनी आपापल्या तालमीतल्या पोरांना आवरलं पाहिजे.

धायरीत आता टर्फ झाले आहेत. रात्री दहानंतर दिव्यांच्या उजेडात सामने चालतात. मुलांच्या पाठीवर हॉटेलचं, डेअरीचं, एखाद्या बिल्डरचं नाव असतं, कारण जर्सीचे पैसे त्यांनी दिलेले असतात. जाळीबाहेरची पोरं ओरडतात ते मात्र ‘धायरी, धायरी’. पुण्यात पुन्हा मोठा संघ काढणाऱ्यानं एखादी रात्र या जाळीबाहेर उभं राहावं, आणि एखादा दिवस कोल्हापूरलाही जावं. कोल्हापूरचा हंगाम साधारणपणे दिवाळीनंतर सुरू होतो, सामने शाहू स्टेडियमवर होतात. स्वारगेटहून एसटीनं सकाळी निघालं तर दुपारचा सामना मिळतो. आत शिरण्याआधी कोणती बाजू कोणत्या तालमीची ते तेवढं विचारून घ्यावं.