मागची काच तांबडीच हवी : व्हिंटेज मोटारींचे अस्सलपण आणि रस्त्यावरचा कायदा

बडोदे, म्हणजे आजचे वडोदरा. तेथील लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जानेवारी २०२३ मध्ये ‘२१ गन सॅल्यूट’ हा जुन्या मोटारींचा सोहळा भरला होता. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या काळात, १८९० साली पूर्ण झालेल्या या वास्तूसमोर देशभरातून आणलेल्या मोटारी मांडल्या होत्या. अशा सोहळ्यांत परीक्षक मोटारीभोवती फिरून तिच्या अस्सलपणाची कसून परीक्षा घेतात. रंगाची छटा मूळचीच आहे का, आसनांचे चामडे कारखान्यातून आले तसेच आहे का, दिव्यांच्या काचा त्याच बनावटीच्या आहेत का, इतके बारकावे पाहिले जातात. नंतर लावलेला स्क्रूसुद्धा डोळ्यांत भरतो.

हीच मोटार राजवाड्याच्या फाटकाबाहेर पडून सार्वजनिक रस्त्याला लागली, की तिला दुसरी परीक्षा द्यावी लागते. कायद्याला छटेशी आणि चामड्याशी कर्तव्य नसते. मागून येणाऱ्या वाहनचालकाला ही मोटार वेळेत दिसेल का, एवढेच तो विचारतो. या दोन परीक्षांची गाठ जेथे पडते, ती जागा फार लहान आहे : मोटारीच्या मागच्या बाजूला बसवायचे दोन तांबडे रिफ्लेक्टर.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०४ असे सांगतो, की तीनचाकी व मोटारसायकल वगळता प्रत्येक मोटार वाहनाच्या मागे, दोन्ही बाजूंना एकेक असे दोन तांबडे रिफ्लेक्टर असले पाहिजेत. मोटारसायकलला मागे किमान एक पुरे. ‘प्रत्येक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण हा नियम वाहनाचे वय विचारत नाही. १९३० साली कारखान्यातून बाहेर पडलेल्या मोटारीला मुळात एकच मागचा दिवा असेल आणि रिफ्लेक्टर नावाची वस्तूच नसेल, तरी आज रस्त्यावर येताना तिला तो लावावा लागतो. ब्रिटनमध्ये १९३६ पूर्वी वापरात आलेल्या मोटारींना ब्रेकच्या दिव्याची सक्ती नाही. तशी वयानुसार सवलत आपल्या या नियमात नाही.

रंग तांबडाच का, याचे उत्तर नियम १०८ मध्ये सापडते. वाहनाने पुढच्या बाजूला तांबडा प्रकाश दाखवू नये आणि मागच्या बाजूला तांबड्याखेरीज दुसरा दाखवू नये, हा त्याचा गाभा. वळण दाखविणारा पिवळसर नारिंगी दिवा, मागे जाताना लागणारा पांढरा दिवा, नंबर प्लेट उजळणारा दिवा असे थोडे अपवाद आहेत. रात्रीच्या अंधारात समोर आकार दिसत नाही, ठिपके दिसतात. पांढरा ठिपका म्हणजे समोरून येणारे वाहन आणि तांबडा म्हणजे आपल्याच दिशेने जाणारे किंवा उभे असलेले, असा अर्थ चालकाचे मन क्षणार्धात लावते. हा संकेत जगभर मान्य आहे. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारातही मागे तांबडा, पुढे पांढरा आणि कडेला नारिंगी अशीच वाटणी आहे. मागे पांढरा रिफ्लेक्टर लावलेली उभी मोटार मागून येणाऱ्याला समोरून येत असल्याचा भास देते आणि तो आपले वाहन भलत्याच बाजूला वळवतो. नारिंगी रिफ्लेक्टर मागे लावला, तर मोटारीची कड समोर आहे असा गैरसमज होतो.

रिफ्लेक्टरची रचना समजून घेतली, की त्याचे मोल कळते. साधा आरसा तिरका असेल तर त्यावर पडलेला प्रकाश भलतीकडे जातो. रिफ्लेक्टरच्या पाठीमागे मात्र परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन पृष्ठभागांचे असंख्य बारीक कोपरे असतात. खोलीच्या कोपऱ्यात, जेथे दोन भिंती आणि जमीन मिळतात, तेथे चेंडू जोराने फेकला तर तो तीनदा आपटून फेकणाऱ्याकडेच परत येतो, तसाच प्रकाशही ज्या दिव्यातून निघाला त्याच दिशेला परततो. म्हणूनच मागून येणाऱ्या चालकाला रिफ्लेक्टर झगमगताना दिसतो आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला तोच काळपट भासतो. तांबड्या काचेतून जाता-येता पांढऱ्या प्रकाशातील बाकीचे रंग शोषले जातात, फक्त तांबडा उरतो. या साऱ्याला बॅटरी लागत नाही, तार लागत नाही, बल्ब लागत नाही.

जुन्या मोटारीच्या बाबतीत हीच गोष्ट निर्णायक ठरते. अनेक जुन्या अमेरिकन मोटारींची वीजव्यवस्था ६ व्होल्टची असते. तिचा मागचा दिवा आजच्या दिव्यांच्या गर्दीत मिणमिणता वाटतो, आणि सत्तर-ऐंशी वर्षांच्या तारांवर किती विश्वास ठेवावा हाही प्रश्नच असतो. बडोद्याहून केवडियाकडे जाणारा रस्ता सुमारे नव्वद किलोमीटरचा. परतताना दिवेलागणीच्या वेळी एखाद्या मोटारीचा डायनॅमो रुसला आणि ती कडेला उभी राहिली, तर तिचे अस्तित्व मागून येणाऱ्या ट्रकला सांगणारे एकच साधन उरते. आपल्याकडच्या मोले-अनमोड घाटातील वळणांवर तर हे आणखी खरे.

मागच्या दिव्यांविषयीचा नियम १०५ ही याच साखळीतील कडी. सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासापासून, तसेच पुरेसा उजेड नसेल तेव्हा, मागचे तांबडे दिवे १५५ मीटरवरून दिसले पाहिजेत आणि नंबर प्लेटवरील अक्षरे पांढऱ्या दिव्याने उजळून १५ मीटरवरून वाचता आली पाहिजेत. मोटारीला असे तांबडे दिवे दोन हवेत. जुन्या मोटारींत कित्येकदा एकाच दिव्याच्या बाजूला पांढरी खिडकी ठेवून ही दोन्ही कामे भागवलेली असतात. ती कारागिरी सुरेख खरी, पण नियमाच्या कसोटीला ती पुरत नाही.

मग परीक्षकांचे काय? मालकांची खरी तक्रार येथे असते. मूळच्या मडगार्डला भोक पाडून प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर ठोकणे म्हणजे वारशाची विटंबना, असे त्यांना वाटते आणि ते अगदीच चूक म्हणता येणार नाही. मात्र भोक पाडण्याची गरजच नसते. बंपरच्या कंसावर किंवा नंबर प्लेटच्या चौकटीवर नटबोल्टने बसवलेला, हवा तेव्हा काढता येणारा तुकडा पुरेसा आहे. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये तुरीन येथे संमत केलेली सनदही कायद्याने किंवा सुरक्षिततेसाठी आवश्यक अशी भर मान्य करते. ती नजरेत न खुपणारी आणि मूळ वस्तूला इजा न करता काढता येणारी असावी, हीच काय ती अट.

कायद्याच्या बाजूनेही भीतीचे कारण नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ती मनाई काटेकोर असल्याचे सांगितले. पण ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतील बदल, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण आहे. दोन रिफ्लेक्टर बसवल्याने मोटारीचे मूलभूत वैशिष्ट्य बदलत नाही.

व्हिंटेज म्हणजे नेमके काय, याबाबत पूर्वी क्लबांच्या व्याख्या चालत. ब्रिटिश संकेतानुसार हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून १९३० पर्यंतच्या मोटारींसाठी वापरतात. भारतात केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेद्वारे नियम ८१-ए ते ८१-जी जोडले आणि प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकींना हे नाव दिले. सांगाडा, मुख्य ढाचा वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही अट. म्हणजे सत्तरच्या दशकाच्या आरंभीची घरची अँबेसिडर आणि फियाटसुद्धा आता या पंगतीत बसू शकते. त्यासाठी रोल्स-रॉईस असण्याची गरज नाही.

नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि प्रमाणपत्राची मुदत १० वर्षे. पूर्वीच नोंदणी झालेल्या मोटारीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या मोटारीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. राज्याने नेमलेली समिती मोटार पाहून ती व्हिंटेज म्हणून नोंदण्यास योग्य आहे की नाही, ते ठरवते. साध्या नोंदणीचे गणित याहून निराळे आहे. पहिल्या १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या बदलानुसार २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी त्याचे शुल्क १०,००० रुपये, तर आयात केलेल्या चारचाकीसाठी ८०,००० रुपये आहे. आयात मोटारीच्या मालकाला व्हिंटेज नोंदणी आकर्षक का वाटते, ते या आकड्यांवरूनच कळावे.

सवलतीबरोबर बंधनही येते. व्हिंटेज म्हणून नोंदलेली मोटार रोज बाजाराला नेता येत नाही, तिचा व्यावसायिक वापरही चालत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती आणि या ठिकाणी जाणे-येणे, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने देणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

प्रमाणपत्र हाती आले म्हणजे बाकीच्या नियमांतून सुटका झाली, हा गैरसमज मात्र सर्रास आढळतो. विमा हवाच, त्याशिवाय अर्जच पूर्ण होत नाही. प्रदूषण तपासणीही आहे, पण जुन्या पेट्रोल मोटारीला नव्याच्या मापाने मोजत नाहीत. इंजिन निष्क्रिय गतीवर असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तिच्यासाठी ३ टक्के आहे, आणि कार्ब्युरेटर नीट जुळवलेला असेल तर ती गाठणे कठीण नाही. सीटबेल्टच्या बाबतीत कायदा समजूतदार आहे. ज्या मोटारींना उत्पादकाने तो देणे बंधनकारक होते, त्यांतच तो बांधण्याची सक्ती आहे.

गोव्यातील मालकांसाठी आणखी दोन बाबी. पोर्तुगीज राजवटीत येथे युरोपातून थेट मोटारी येत. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजव्या बाजूने वाहने हाकण्यास सुरुवात केली तरी गोव्यात डावीकडूनच वाहतूक चालू राहिली. तेव्हा डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली मोटार कोणाच्या गॅरेजात असेल, तर कायद्याचे कलम १२० तिला लागू होते : यांत्रिक किंवा विजेवर चालणारे, चालू स्थितीतील इशारा देणारे साधन असल्याखेरीज ती सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. दुसरी बाब कागदांची. पन्नास वर्षे प्रथम नोंदणीपासून मोजायची असल्याने १९६१ पूर्वीचे पोर्तुगीज भाषेतील जुने नोंदणीपत्र ही रद्दी समजून टाकून देऊ नये. वयाचा पहिला पुरावा तोच ठरू शकतो.

रिफ्लेक्टर विकत घेताना काचेकडे नीट पाहावे. स्वस्त प्लॅस्टिकचा तांबडा रंग उन्हाने विटून काही वर्षांत गुलाबी-नारिंगी होतो. दिवसा तो तांबडाच वाटतो आणि रात्री दगा देतो. जुन्या रंगीत काचेचे रिफ्लेक्टर अशा रीतीने फिके पडत नाहीत. ते भंगार बाजारात अजून मिळतात आणि जुन्या मोटारीवर शोभतातही. पारख घरीच करता येते. अंधार पडल्यावर मोटारीचे दिवे बंद ठेवून पन्नास पावले मागे जावे, विजेरी डोळ्यांच्या रेषेत धरून मोटारीवर रोखावी आणि परत येणारा रंग पाहावा.