घाम आणि सनद : कॉनराड वायझर याची हकीकत

ज्याचा घाम जमिनींत जिरला त्याचीच जमीन, असें आपण बोलतों. दप्तराचा न्याय मात्र निराळा असतो. आमची सारी नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली, त्यामुळें अमेरिकेंत जाऊन वसलेल्या कॉनराड वायझर या जर्मन शेतकऱ्याची हकीकत आम्हांस विशेष बोधप्रद वाटली. ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

वायझर याचा जन्म १६९६ सालीं जर्मनींतील वुर्टेंबर्ग संस्थानांत झाला. त्या मुलखांतील शेतकरी लढायांनीं व करांनीं गांजलेले होते. त्यांत १७०९ च्या हिवाळ्यांत अशी थंडी पडली कीं, द्राक्षांचे वेल व फळझाडें मरून गेलीं. त्याच वर्षीं कॉनराडाची आई वारली व बापानें मुलांसह देश सोडला. त्या वर्षीं सुमारें १३,००० जर्मन लंडनास येऊन पडले. त्यांपैकीं जवळजवळ ३,००० लोकांना इंग्रज सरकारनें १७१० सालीं न्यूयॉर्क वसाहतींत धाडलें. वाटेंत तापानें शेंकडों दगावले. आरमारासाठीं पाइन झाडांपासून डांबर काढून सरकारचा खर्च फेडावा, मग जमीन मिळेल, असा करार होता. पण डांबर पुरेसें निघेना. १७१२ सालीं गव्हर्नर हंटर याच्याजवळचा पैसा संपला आणि शिधा बंद झाला.

तेव्हां कित्येक कुटुंबें स्कोहारी नदीच्या खोऱ्यांत गेलीं. तेथील मूळ रहिवासी मोहॉक यांच्याशीं त्यांनीं बोलणें लावलें. सोळा वर्षांचा कॉनराड त्या हिवाळ्यांत थंडी व भूक सोशीत मोहॉकांच्या वस्तींत राहिला व त्यांची भाषा शिकला. खोऱ्यांत शेतें झालीं, गांवें वसलीं. परंतु १७१४ सालीं गव्हर्नरानें तीच जमीन पांच भागीदारांना सनदेनें देऊन टाकली. आतां कसणारांनीं ती विकत घ्यावी, खंडानें करावी किंवा सोडून जावी, एवढेंच उरलें. १७१८ सालीं थोरला वायझर दाद मागण्यास लंडनास निघाला. वाटेंत चांच्यांनीं लुटलें, लंडनांत कर्जापायीं तुरुंग भोगला, आणि १७२३ सालीं तो रिक्त हस्तें परतला.

त्याच सालीं कांहीं कुटुंबें सस्क्वेहाना नदीच्या वाटेनें पेनसिल्व्हेनियांतील टल्पेहॉकन येथें गेलीं. १७२९ सालीं कॉनराडही बायकामुलांसह तेथें जाऊन शेती करूं लागला. परंतु ही जमीन लेनापे लोकांची होती. आमच्याकडून खरेदी न करतां येथें परके बसविले, अशी तक्रार त्यांचा मुख्य सासूनान यानें १७२८ सालींच केली होती. खरेदीचा कागद झाला तो १७३२ सालीं. पुढें कॉनराड वसाहत सरकारचा दुभाषी झाला. १७३६ व १७४२ सालच्या तहांत मूळ रहिवाशांच्या जमिनी कागदावर उतरल्या, तेव्हां मध्यें बोलणारा तोच होता. ज्याच्या बापाचें शेत दुसऱ्याच्या सनदेनें गेलें, त्याच्याच जिभेवाटे दुसऱ्यांच्या जमिनी गेल्या, हें नमूद केल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं.

कॉनराड १७६० सालीं वारला. त्याच्या कन्येचा मुलगा फ्रेडरिक म्यूलेनबर्ग १७८९ सालीं अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा पहिला सभापति झाला. वंशजांस मूळपुरुषाचा अभिमान वाटावा हें योग्यच. पण त्या वंशाच्या शेताखालीं आणखी एक जुना कबजा होता, याचेंही स्मरण असावें.

वाचकांस आमची सूचना दोन प्रकारची आहे. आपली नोंद व हद्द वेळींच पाहून घ्यावी, कारण मेहनतीचा साक्षीदार दप्तरांत सांपडत नाहीं. आणि नवी जमीन घेतांना दस्तऐवज पाहावाच, पण ती आज कोण कसतो, हेंही बांधावर जाऊन विचारावें.