माउस ज्याच्या हातात, विद्या त्याची

व्हॉट्सॲपवर दिवसभर निरोप पाठवणारी, भाजीवाल्याचे पैसे फोनवरून चुकते करणारी माणसं कॉम्प्युटरसमोर बसली की हात आखडता घेतात. सोसायटीचं परिपत्रक, बचत गटाचा हिशेब, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज असं काही निघालं की कुणा जाणत्याची वाट पाहायची, नाहीतर सायबर कॅफे गाठायचा. हे फक्त वयस्कर माणसांचं होतं असंही नाही. फोनवरच वाढलेली विशीतली मुलंसुद्धा पहिल्या नोकरीत ‘कालची फाइल कुठे ठेवलीस?’ या प्रश्नाला अडखळतात.

कारण साधं आहे. मोबाइलवर प्रत्येक ॲप आपलं सामान स्वतःच सांभाळतं. फोटो गॅलरीत सापडतो, निरोप व्हॉट्सॲपमध्ये. तो नेमका कुठे साठवलाय हे बघण्याची वेळ सहसा येत नाही. कॉम्प्युटर ही जबाबदारी आपल्यावर टाकतो. फाइल कुठे ठेवायची, नाव काय द्यायचं, सेव्ह कधी करायची, हे आपण ठरवायचं. त्यामुळे बटणं पाठ करून भागत नाही. चार-पाच गोष्टी मुळातून समजाव्या लागतात, आणि त्या समजण्यासाठी माउस स्वतःच्या हातात असावा लागतो. नवशिक्यांना शिकवताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. शेजारी बसलेला मुलगा ‘थांबा, मी करून देतो’ म्हणत माउस ओढून घेतो आणि तिथेच शिकणं थांबतं. काम होऊन जातं, पण पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच बोलवावं लागतं.

आधी हात बसू द्या

डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून आलेला पहिला माउस १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी तयार केला. तो लाकडी होता. खाली दोन चाकं, वर एकच बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या परिषदेत एंगलबार्ट यांनी माउस जाहीरपणे चालवून दाखवला. समोर बसलेल्या जाणकारांनाही ते सगळं नवंच होतं. तेव्हा पहिल्या दिवशी आपला बाण पडद्यावर सैरभैर धावला तर मनाला लावून घेऊ नये.

नवशिक्याची सगळ्यात मोठी अडचण असते डबल क्लिक. पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकच्या मध्ये माउस किंचित हलतो. मग कॉम्प्युटरला वाटतं, ही वस्तू ओढून दुसरीकडे ठेवायची आहे. फाइल उघडत नाही, भलतीकडेच सरकते. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्याला हे जमणारच नाही. यावर सोपा उपाय आहे. फाइलवर एकदाच क्लिक करायचं, ती ठळक झाली की माउस सोडून कीबोर्डवरची एंटर कळ दाबायची. फाइल उघडते. शिवाय विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करता येतो. मनगट टेबलावर टेकलेलं, तर्जनी डाव्या बटणावर आणि पकड सैल, एवढं पाळलं तरी आठवडाभरात हात बराच स्थिरावतो.

१९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० मध्ये सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ होता. पान उचलायचं, बटण दाबून धरत न्यायचं, दुसऱ्या पानावर सोडायचं. ड्रॅग करण्याचा याहून चांगला सराव नाही. आजही मी नवशिक्यांना आधी हा खेळ लावून देतो. पत्ते सगळ्यांनाच येतात, त्यामुळे सगळं लक्ष हाताकडे देता येतं.

चूक परत घेता येते

‘काही बिघडलं तर?’ ही भीती सगळ्यांनाच असते. तिच्यावरचं औषध कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात आहे. कंट्रोल धरून झेड दाबलं की बहुतेक ठिकाणी शेवटची कृती मागे घेतली जाते. पुसलेलं वाक्य परत येतं, सरकलेली फाइल जागेवर जाते. झेडच्याच ओळीत पुढे एक्स, सी आणि व्ही आहेत: कापा, नक्कल करा, चिकटवा. ही कट-कॉपी-पेस्टची पद्धत १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी घडवली. तिचा नियम एकच: आधी निवडा, मग सांगा. ज्या शब्दावर काम करायचंय तो आधी ठळक करायचा आणि मग काय करायचं ते सांगायचं. ‘मी बोल्ड दाबलं तरी काहीच झालं नाही’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा शब्द निवडायचाच राहून गेलेला असतो.

पहिल्याच तासाला मी एक सराव करून घेतो. चार ओळी लिहायच्या, सगळ्या निवडायच्या, पुसून टाकायच्या आणि कंट्रोल-झेडने परत आणायच्या. गेलेलं परत येताना एकदा डोळ्यांनी पाहिलं की बोटं मोकळी होतात.

एक चूक मात्र परत घेता येत नाही: सेव्ह न करणं. आपण लिहीत असतो तेव्हा मजकूर रॅम नावाच्या स्मृतीत असतो, आणि वीज गेली की ती स्मृती रिकामी होते. सेव्ह केल्यावरच तो डिस्कवर उमटतो. काही प्रोग्रॅम अधूनमधून आपोआप सेव्ह करतात, पण त्यावर विसंबू नये. जिथे कधीही दिवे जातात तिथे परिच्छेद संपला की कंट्रोल-एस दाबायची सवय लावून घ्यावी.

फाइलचा पत्ता

फाइल हरवली असं वाटतं तेव्हा ती बहुधा हरवलेली नसते. ती कुठे ठेवली याकडे आपण पाहिलेलं नसतं. इंटरनेटवरून उतरवलेली वस्तू सहसा ‘डाउनलोड्स’मध्ये जाते, वर्डमधलं पत्र ‘डॉक्युमेंट्स’मध्ये. सेव्ह करताना जी चौकट उघडते तिच्यात जागेचं नाव लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय सेव्ह दाबायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

नावाचंही तसंच. ‘नवीन १’, ‘अर्ज फायनल’, ‘अर्ज फायनल नवा’ अशा नावांनी सहा महिन्यांनी काहीच कळत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आधी लिहावी, पुढे विषय: ‘२०२५-१०-०५ सोसायटी सभा’. नावांप्रमाणे यादी लावली की सगळ्या फाइली तारखेच्या क्रमाने आपोआप उभ्या राहतात. आणि लक्षात ठेवावं, कॉम्प्युटरच्या डिस्कवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जाते, पेनड्राइव्हवरून पुसलेली सहसा जात नाही. ती थेट नाहीशी होते. महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी हवीच.

मराठीत लिहा, कुठेही वाचा

मराठीचं टायपिंग अवघड, या समजाला जुना इतिहास आहे. पूर्वीच्या मराठी फाँटमध्ये कॉम्प्युटर आत इंग्रजी अक्षराचाच क्रमांक साठवायचा आणि फाँट त्यावर देवनागरी आकार चढवायचा. तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर पत्र उघडलं की अगम्य चिन्हांची रांग दिसायची. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. ‘ॲप’मधला ‘ॲ’ २००८ मध्ये सामील झाला. आज युनिकोडमध्ये लिहिलेलं पत्र पुण्यात, पणजीत किंवा शिकागोत सारखंच उघडतं.

विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड वेगळा विकत घ्यावा लागत नाही. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडायची. मग विंडोज कळ धरून स्पेसबार दाबला की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. इंग्रजी स्पेलिंग लिहून मराठी शब्द उमटवणारी साधनंही आहेत आणि सुरुवातीला ती सोयीची वाटतात. पण ज्याला रोज लिहायचंय त्याने इनस्क्रिप्ट शिकावं. १९९१ च्या भारतीय मानकात नमूद असलेल्या या मांडणीत डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं आहेत. पेटी वाजवताना डावा हात भाता सांभाळतो आणि उजवा सूर, तशी ही दोन हातांची वाटणी. उजव्या मधल्या बोटाखाली ‘क’, शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ‘ख’. त्याच्या वर ‘ग’, शिफ्टसह ‘घ’. वर्णमाला पाठ असणाऱ्याला निम्मा कीबोर्ड आधीच येत असतो.

जोडाक्षरासाठी मध्ये हलंत, म्हणजे पाय मोडण्याची कळ. ‘सूर्य’मधला ‘र्य’ हवा तर र, हलंत, य. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ हवा तर र ची कळ शिफ्टसह, मग हलंत, य. मराठीचं हे खास वळण इनस्क्रिप्टमध्ये एका कळीवर आहे. रोज अर्धा तास सराव केला तर महिनाभरात कीबोर्डकडे न पाहता पत्र लिहिता येतं.

स्वतःचंच काम घ्या

क्लासातले नमुन्याचे तक्ते विसरले जातात. स्वतःचा हिशेब विसरला जात नाही. बचत गटाचं उदाहरण घ्या. दहा सदस्य, प्रत्येकी दोनशे रुपये. एक्सेलमध्ये ‘ए’ स्तंभात नावं, ‘बी’ स्तंभात दुसऱ्या ओळीपासून अकराव्या ओळीपर्यंत रकमा. खालच्या चौकटीत ‘=’ हे चिन्ह, मग सम आणि कंसात पहिल्या व शेवटच्या चौकटीचा पत्ता इंग्रजी अक्षरांत, मध्ये अपूर्णविराम. एंटर दाबलं की २००० दिसतात. आता एका ताईंनी दीडशेच दिले असं धरून तो आकडा बदला. बेरीज न सांगता १९५० होते. हिशेबाच्या वहीत खाडाखोड करणाऱ्या हातांना हे किती मोलाचं आहे, ते त्या क्षणी कळतं.

बेरीज चुकली तर रकमांच्या चौकटी पाहा. कुणीतरी ‘२०० रु.’ असं लिहिलेलं असतं. ‘रु.’ जोडला की एक्सेल तो आकडा न मानता मजकूर मानतो आणि बेरजेतून वगळतो. चौकटीत फक्त आकडा हवा. याच चौकटींची कल्पना वापरून डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क बनवलं, आणि केवळ त्या प्रोग्रॅमसाठी छोट्या व्यावसायिकांनी कॉम्प्युटर विकत घेतले. एक्सेल विकत घ्यायचं नसेल तर लिबरऑफिस मोफत मिळतं, आणि त्याचे मेनू मराठीतही करता येतात.

दुसरं नित्याचं काम म्हणजे अर्जाला फोटो जोडणं. अर्ज सांगतो, फोटो ५० केबीच्या आत हवा. फोनवरचा फोटो असतो तीन एमबीचा. एक एमबी म्हणजे १०२४ केबी, म्हणजे हा फोटो मर्यादेच्या सुमारे साठपट झाला. तो पेंटमध्ये उघडायचा, रिसाइझमध्ये जाऊन पिक्सेलमधली रुंदी तीनशेच्या आसपास आणायची आणि ‘सेव्ह ॲज’ करून जेपीईजी प्रकारात नव्या नावाने ठेवायचा. मूळ फोटोला हात लावायचा नाही. एवढ्यासाठी लोक अजूनही दुकानात पैसे मोजतात.

सावध, पण घाबरून नव्हे

पडद्यावर अचानक लाल पाटी येते: ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा.’ फोन करू नका. ती बहुधा वेबपानावरची फसवी जाहिरात असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझर निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. फोनवरचा अनोळखी माणूस एखादं सॉफ्टवेअर उतरवायला सांगत असेल तर तो आपला माउस मागतो आहे, असं समजून फोन ठेवावा. ओटीपी बँकेच्या माणसालाही सांगायचा नसतो. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर तक्रार करावी. जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. सायबर कॅफेत काम केलं तर निघताना लॉग आउट करावं, उतरवलेली कागदपत्रं पुसावीत आणि रिसायकल बिनही रिकामा करावा.

शिकवणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावच्या तरुणांना कीबोर्डपर्यंत आणलं. केंद्र सरकारने २०१७ मध्ये ग्रामीण कुटुंबांसाठी २० तासांचं डिजिटल साक्षरता अभियान काढलं, पण त्याची वयोमर्यादा १४ ते ६० होती. साठीच्या पुढच्यांना कुणी शिकवायचं, हा प्रश्न शेवटी घरावरच येतो. दिवाळीत मुलं-नातवंडं घरी असतात. त्यांनी एवढंच करावं: शेजारी बसावं, तोंडाने सांगावं आणि हात मांडीवर ठेवावेत. शिकणाऱ्याने स्वतःच्या वहीत पायऱ्या स्वतःच्या शब्दांत लिहून घ्याव्यात. एका दिवशी एकच काम घ्यावं, आणि दुसऱ्या दिवशी तेच न सांगता करून पाहावं.

महिनाभरात पाच कामं स्वतःची स्वतः जमली पाहिजेत: मराठीत एक पत्र लिहून ते छापणं, ठेवलेली फाइल शोधणं, तिची प्रत पेनड्राइव्हवर घेणं, हिशेबाची बेरीज करणं आणि फोटो लहान करून अर्जाला जोडणं. पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर याच पायावर उभं राहतं.

हा आग्रह केवळ सोयीसाठी नाही. आज सातबारा, पेन्शन, बँक, शिष्यवृत्ती हे सगळं पडद्यामागे गेलंय. ज्याला कॉम्प्युटर येत नाही तो आपला आधार क्रमांक आणि पासवर्ड कुणाच्या तरी वहीत लिहून येतो, आणि आपल्या नावाने काय भरलं गेलं हे त्याला वाचताही येत नाही. आयुष्यभर स्वतःचे व्यवहार स्वतः पाहिलेल्या माणसावर ही वेळ यायला नको. शिकायला लागणारा वेळ फार नाही. तेवढा वेळ माउस मात्र त्याच्याच हातात राहू द्या.