फोन काढून घेण्याआधी एवढं ऐका

गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, की हल्ली एक विषय निघतोच, पोरांचा मोबाईल. कुणी म्हणतं, "नववीत गेला आणि फोनला चिकटला." कुणी म्हणतं, "अभ्यास करते म्हणते, आत काय बघते देव जाणे." आज आपण त्यावरच बोलू.

मुलं फोनवर करतात तरी काय? 'असर' नावाची पाहणी देशातल्या खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन केली जाते. २०२४ साली त्यात १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना फोनबद्दल विचारलं. शंभरातल्या साधारण ८२ जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. फोन वापरता येणाऱ्या दर शंभरांपैकी ५७ जणांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ जणांनी समाज माध्यमांसाठी. म्हणजे "अभ्यास करते" म्हणणारी मुलगी खोटं बोलते असं नाही, आणि आईची तक्रारही खोटी नाही. एकाच फोनवर दोन्ही चालतं.

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. फोन वापरता येणाऱ्या शंभर मुलग्यांपैकी ३६ जणांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये तो फक्त २७ जणींकडे. बाकीच्या मुलींना वडील किंवा भाऊ घरी येईपर्यंत थांबावं लागतं. तोवर भाकरी थापायची वेळ होते. शाळेच्या ग्रुपवर दुपारी आलेला स्वाध्याय ती रात्री नऊ वाजता बघते, तेही भावाचा गेम संपला तर.

आता खरी काळजीची गोष्ट. मुलीला अनोळखी माणसाचा मेसेज येतो. आधी गोड बोलणं, मग फोटो मागणं, मग धमकी, "घरी सांगेन." ही धमकी चालते, कारण मुलीला घरचीच भीती असते. घरी कळलं तर फोन जाईल, कदाचित शाळा सुटेल, स्थळं बघायला सुरुवात होईल. म्हणून ती गप्प राहते, आणि ती गप्प राहिली की समोरच्याचं फावतं. म्हणून काही घडायच्या आधीच मुलीला स्पष्ट सांगून ठेवूया: "काहीही आलं तरी मला सांग. तुझा फोन आणि तुझी शाळा त्यामुळे बंद होणार नाही." आणि दिलेला शब्द पाळूया.

असं काही घडलंच तर मेसेज पुसू नका. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मगच तो नंबर ब्लॉक करा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे. फोनवरून पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हे मुलांनाही सांगा. घरातले व्यवहार आता तीच करतात.

वेळेचं काय? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ साली एक रीत सुरू केली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी मोबाईल, टीव्ही बंद. मुलं अभ्यासाला बसतात. यातली मेख अशी, की मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा असतो. आपण मालिका बघत बसायचं आणि पोरांना "पुस्तक घे" म्हणायचं, ते कुणी ऐकत नाही. गावात भोंगा नसला तरी आपल्या घरापुरती वेळ ठरवता येते. रात्री सगळ्यांचे फोन एकाच जागी, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावले, तरी झोपेचा अर्धा प्रश्न सुटतो. आणि घरात फोन एकच असेल तर मुलीचीही वेळ ठरवून द्या, तीही दिवसाउजेडी.

"आम्हालाच फोनमधलं कळत नाही, पोरांना काय सांगणार?" असं बऱ्याच जणी म्हणतात. मग पोरांकडूनच शिकूया. 'असर'च्या त्याच पाहणीत, समाज माध्यमं वापरणाऱ्या शंभर मुलांपैकी साधारण ६२ जणांना नको असलेल्या माणसाला ब्लॉक करता येत होतं. आपलं खातं अनोळखी लोकांपासून बंद कसं ठेवायचं, हे ५५ जणांनाच ठाऊक होतं. म्हणजे कितीतरी मुलं अजून उघड्या दारात बसली आहेत.

तेव्हा पुढच्या बैठकीला दहावीतल्या दोन-तीन मुलींना बोलवा. दहा मिनिटं त्या आपल्याला शिकवतील: ब्लॉक कसं करायचं, खातं खाजगी कसं करायचं, पासवर्ड कसा बदलायचा. ज्यांना येत नाही त्या मुलीही तिथेच शिकतील. आणि आईसमोर फोन उघडून बसायची सवय दोघींनाही लागेल. बैठकीच्या इतिवृत्तात हा विषय लिहायला विसरू नका.