गुपित आपल्याला आधीच ठाऊक असतं

नायगाव स्टेशनच्या पूर्वेला उतरून महामार्गाच्या दिशेने गेलं की खाजणं आणि गोदामं यांच्या अधेमधे पत्र्याच्या उंच शेड लागतात. त्यांच्या आत प्लायवूडच्या हवेल्या असतात, तुळशीवृंदावनासकट अंगणं असतात, आणि कुठेच न पोहोचणाऱ्या जिन्यांचे दिवाणखाने असतात. हिंदी मालिकांच्या चित्रीकरणाचं हे आता नेहमीचं ठिकाण झालं आहे. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला हद्द ओलांडली की गुजरातमधलं उंबरगाव लागतं. रामानंद सागर यांच्या 'रामायण'चं चित्रीकरण तिथे झालं. या दोन टोकांच्या मध्ये वसई-विरार हे शहर आहे. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. कमावती माणसं सकाळच्या विरार लोकलने मुंबईकडे निघून गेली की उरलेल्या घरात दुपारी टीव्ही लागतो. म्हणजे मालिका तयार होणं आणि पाहिली जाणं, दोन्ही इथे एकाच पट्ट्यात घडतं. म्हणून एक प्रश्न इथूनच विचारावासा वाटतो. मालिकेतलं वळण नेमकं कशासाठी असतं? सर्वसाधारण समज असा की ते प्रेक्षकाला धक्का देण्यासाठी असतं. धक्का फसला, आधीच कळला किंवा अतार्किक निघाला की आपण मालिकेला नावं ठेवतो. माझं म्हणणं असं की रोजच्या मालिकेतलं वळण प्रेक्षकाला चकवण्यासाठी रचलेलंच नसतं. प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते पात्राला कधी कळेल, आणि कळल्यावर ते पात्र काय करेल, याची वाट पाहायला लावण्यासाठी ते असतं. मालिकांचं कौतुक करायचं असो की टीका, ती या निकषावर व्हायला हवी.

पुरावा समोरच आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा गुरुनाथ आणि शनाया यांचं प्रकरण प्रेक्षकांपासून कधीच लपवलं गेलं नव्हतं. अंधारात होती ती गुरुनाथची बायको राधिका. 'ठरलं तर मग' डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. आश्रमात वाढलेली सायली हीच किल्लेदारांची हरवलेली तन्वी आहे आणि तन्वी म्हणून घरात शिरलेली प्रिया तोतया आहे, हे प्रेक्षकाला पक्कं माहीत होतं. तरीही त्या एका गुपिताच्या जोरावर मालिका दोन वर्षांहून अधिक काळ लोकप्रियतेच्या यादीत वर राहिली. रहस्यकथेच्या नियमाने पाहिलं तर हे अशक्य आहे, कारण खुनी पहिल्या पानावर सांगून टाकला तर रहस्यकथेत उरतं काय? इथे मात्र आई आणि मुलगी एकाच खोलीत समोरासमोर उभ्या असतात, दोघींनाही काही माहीत नसतं आणि पाहणाऱ्याला सगळं माहीत असतं. त्या प्रसंगात काहीच 'घडत' नाही, पण तो पाहवतही नाही आणि सोडवतही नाही. वाहिन्यांनाही हे कळतं. म्हणून तर मोठं वळण त्या आठवडाभर आधी प्रोमोत दाखवतात. धक्का जपायचा असता तर कुणी असं केलं नसतं.

याहून ठोस पुरावा 'आई कुठे काय करते'चा आहे. मूळ कथा बंगालीतली. लीना गंगोपाध्याय यांची 'श्रीमोयी' २०१९ मध्ये स्टार जलसावर सुरू झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्टार प्रवाहवर तिचं मराठी रूप आलं आणि जुलै २०२० मध्ये हिंदीत 'अनुपमा'. मराठी आणि हिंदी या दोन्ही मालिकांचे निर्माते राजन शाहीच होते. तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नडमध्येही हीच कथा गेली. संसाराला पंचवीस वर्षं दिलेल्या बाईला नवऱ्याचं दुसऱ्या बाईशी असलेलं नातं कळतं, हे तिचं मध्यवर्ती वळण इतक्या भाषांत, इतक्या वेळा सांगून झालं होतं. वसई-विरारच्या एकाच इमारतीत मराठी, गुजराती, मलयाळी आणि उत्तर भारतीय कुटुंबं शेजारी राहतात. तिथे एका भिंतीपलीकडे मराठीतली अरुंधती आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे हिंदीतली अनुपमा ऐकू येणं मुळीच नवलाचं नव्हतं. शिवाय कितीतरी घरांत दोन्ही मालिका पाहिल्या जात. एकीत काय झालं ते ठाऊक असताना दुसरी पाहायचं कारण काय? कारण प्रश्न 'काय होणार' हा नव्हताच. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती ते ऐकून कशी उभी राहते, सासू कोणाची बाजू घेते, मुलं आईकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे पाहायचं होतं. मुग्धा गोडबोले यांच्या संवादांनी तिला जो बोलण्याचा पोत दिला तो मराठी घरातला होता, आणि तो बंगालीतून आयता मिळणारा नव्हता. घटना उसनी होती, तिची झळ मात्र इथली होती.

ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा पाहणं हे मालिकांनी शोधून काढलेलं नाही. देवळातल्या कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला आख्यान पाठ असतं. श्रावणातल्या कहाणीत नावडती राणी शेवटी सुखी होणार हे ऐकणाऱ्या पोरीबाळींनाही माहीत असतं. उंबरगावला तयार झालेलं 'रामायण' २५ जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी दाखवलं गेलं तेव्हा रस्ते ओस पडत. सीतेचं हरण होणार की नाही याबद्दल देशात कुणाच्या मनात शंका होती म्हणून का? प्रयोगशाळेतूनही याला दुजोरा मिळाला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले मानसशास्त्रज्ञ जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लघुकथा वाचायला दिल्या आणि काहींना शेवट आधीच सांगून टाकला. शेवट माहीत असलेल्यांना कथा कमी नव्हे, सरासरीने थोड्या जास्तच आवडल्या, आणि कलाटणीच्या कथांबाबतही तसंच झालं. एका प्रयोगावर सगळा डोलारा उभारू नये हे खरं. पण आपल्याकडच्या शतकांच्या सवयीशी तो जुळतो, याकडे दुर्लक्ष कसं करणार?

दुपारच्या वेळेचा इथे विशेष संबंध आहे. रोजच्या कौटुंबिक मालिकेचा जन्मच मुळी दिवसाउजेडी झाला, आणि तोही रेडिओवर. इर्ना फिलिप्स या अमेरिकी लेखिकेने १९३०च्या दशकात घरकाम करणाऱ्या बायकांसाठी या मालिका लिहिल्या, आणि साबण कंपन्यांनी त्यांना पैसा पुरवला. तिची 'गायडिंग लाइट' १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि थेट २००९ पर्यंत चालली. आपल्याकडे दूरदर्शनवर १९९४ची 'शांती' आणि पुढच्या वर्षीची 'स्वाभिमान' दुपारच्याच. मराठीत 'दामिनी'ने रोजच्या मालिकेची सवय लावली. मधली बरीच वर्षं मराठी वाहिन्यांची दुपार आदल्या रात्रीच्या पुनःप्रक्षेपणात गेली. नवीन भागांसाठी ती पुन्हा उघडली ती अलीकडे. २०२२ मध्ये 'मुरांबा' दुपारी दीडला आली, २०२३ मध्ये 'शुभविवाह' दोनला आली आणि २०२४च्या मार्चमध्ये खुद्द 'आई कुठे काय करते'ही अडीच वाजता नेली गेली. दुपारचा प्रेक्षक पडद्यासमोर खिळून बसलेला नसतो. ओट्यावर कुकर असतो, ताटं घासायची असतात, शाळेतून आलेलं पोर जेवायचं असतं, दारात कुरियरवाला असतो. डोळे कामावर आणि कान मालिकेवर असतात.

आता एखादं वळण जवळून पाहू. पत्र हातात आलेली सून दारात थबकते. आधी ढोलाचा किंवा झांजेचा आवाज येतो, मग तीन चेहरे एकामागून एक, मग तोच आवाज पुन्हा. मग एखादी आत्या मोठ्याने विचारते, "म्हणजे हे सगळं तुला आधीपासून माहीत होतं?" हा प्रश्न खोलीतल्या कुणासाठीच नसतो. तो ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाईसाठी असतो, म्हणजे ती मान वळवेल आणि महत्त्वाचा चेहरा तिला दिसेल. ज्याला आपण ताणणं म्हणतो त्यातला बराच भाग ही सोय आहे. सलग बसून पाहणाऱ्याला ती असह्य वाटते, कारण ती त्याच्यासाठी केलेलीच नाही. अमेरिकी समीक्षक तानिया मोडलेस्की यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की या मालिकांची तुटक, खंडित लय ही बाईच्या दिवसाच्या खंडित लयीशी जुळवलेली असते. आपल्याकडच्या टीकाकारांनी ते फारसं मनावर घेतलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा येतो. वळणाला कलेचं नाव कशाला, ते तर दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांमुळे येतं, असं म्हटलं जातं. यात तथ्य आहेच. आकडा घसरला की वाहिनीच्या क्रिएटिव्ह मंडळींकडून नवा ट्रॅक मागितला जातो. श्रेयनामावलीत कथाविस्तार, पटकथा आणि संवाद ही तीन कामं तीन वेगळ्या नावांवर असतात, आणि आठवड्याला सहा भाग द्यायचे असल्याने भागांची बँक सतत रिकामी होत असते. नट सोडून गेला की पात्र परदेशी जातं किंवा मरतं. मार्च २०२०च्या टाळेबंदीनंतर चित्रीकरण पुन्हा सुरू झालं तेव्हा ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर मनाई होती. ती मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली. तोवर कितीतरी आजी-आजोबा कथेतून एकाएकी गावी गेले किंवा फोनपुरते उरले. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात चित्रीकरण पुन्हा बंद झालं तेव्हा युनिट गोवा, सिल्वासा, हैदराबादला गेली आणि त्याबरोबर कथाही सहलीला गेल्या. हे सगळं मान्य. पण व्यवहार वळणाची वेळ ठरवतो, त्याचा परिणाम ठरवत नाही. त्याच कारखान्यातून, त्याच दबावाखाली एक वळण मनात घर करतं आणि दुसरं विसरलं जातं. त्यातला फरक टीआरपीने समजत नाही.

तो फरक माझ्या मते इथे आहे: पात्राला जे कळलं ते टिकतं की पुसलं जातं? 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये जान्हवीची स्मृती गेली तेव्हा प्रेक्षक चिडले. अपघाताने स्मृती जाते की नाही ही शंका त्या चिडण्याच्या मुळाशी नव्हती. जान्हवी आणि श्री यांनी एकमेकांबद्दल जे कमावलं होतं ते एका झटक्यात शून्यावर आणलं गेलं, आणि आपण ज्याची वाट पाहिली तेच काढून घेतलं गेलं, याचा तो राग होता. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर मेला तेव्हा लोक हळहळले, आणि तो स्मृती हरवून परतला तेव्हा मरणाचाच अर्थ पुसला गेला. त्यानंतर कुठल्याही मालिकेतल्या मरणावर कुणी पुरता विश्वास ठेवला नाही. 'सुख म्हणजे नक्की काय असतं'मध्ये जयदीप आणि गौरी गेले आणि पुनर्जन्माने गोष्ट नव्याने मांडली गेली. शालिनीच्या कारस्थानांविरुद्ध गौरी जे काही शिकली होती ते तिच्याबरोबरच गेलं. पण पुनर्जन्म हे साधन मुळातच वाईट, असंही म्हणता येत नाही. 'तुला पाहते रे'मध्ये (२०१८-१९) ईशाला मागच्या जन्मी आपण राजनंदिनी होतो हे उमगतं तेव्हा तिच्या माहितीत भर पडते, आणि नवरा विक्रांत सरंजामे खरा कोण आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असलेलं सत्य तिच्या हातात शस्त्र म्हणून येतं. तर्काच्या कसोटीवर दोन्ही पुनर्जन्म सारखेच अशक्य. तरी एक वळण पात्राला पुढे नेतं आणि दुसरं पाटी कोरी करतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला सहज बाजूला सारता येत नाही. अंधारात ठेवलेलं पात्र जवळजवळ नेहमी बाईच का? तिला कळेपर्यंत दोन-दोन वर्षं तिचा अपमान रोज पाहण्यात रस घ्यायला लावणं म्हणजे सोसण्याचाच गौरव नव्हे का? अनेक मालिकांबाबत याचं उत्तर 'होय' असंच आहे. जिथे सत्य बाहेर पडण्याच्या क्षणी नायिका सगळ्यांना क्षमा करून पुन्हा त्याच स्वयंपाकघरात उभी राहते तिथे ती वाट पाहणं ही फसवणूक होती. पण वाट पाहण्याची रचनाच दोषी आहे असं यातून निघत नाही. अरुंधतीचा घटस्फोट २०२१ मध्ये झाला आणि मालिका ३० नोव्हेंबर २०२४ला संपली. म्हणजे तिच्या आयुष्याचा मोठा भाग कळल्यानंतरचा होता: तिचं गाणं, तिची कमाई, आशुतोषशी दुसरं लग्न आणि पुढे त्याचं जाणं. त्यात पाणी घातलेले महिने होते, पहिला नवरा अनिरुद्ध याचं घर कथेतून सुटता सुटत नव्हतं, हेही खरं. तरीही जे कळलं ते तिने परत केलं नाही, आणि पाहणाऱ्या बाईसमोर कळल्यानंतरची तीन वर्षं ठेवणं ही कुठल्याही माध्यमात लहान गोष्ट नाही.

म्हणूनच मला सगळ्यात जास्त खटकतात ते मालिकांचे शेवट. वाहिनीने बंद करायचं ठरवलं की लेखकांच्या हाती मोजके आठवडे उरतात, आणि शेकडो भाग जपलेलं गुपित शेवटच्या दोन-चार भागांत ओतून टाकलं जातं. खलनायिकेला पोलीस नेतात, सगळे हात जोडतात, कुटुंबाचा एक फोटो निघतो. आईला मुलगी सापडल्यानंतरची पहिली दुपार कशी गेली, इतकी वर्षं तोतयीला जेवू घातलेल्या घरात ती खऱ्या मुलीला काय म्हणाली, तिची जुनी खोली कुणाला दिली, हे कुणी लिहीत नाही. 'कळणं' दाखवायला दोन वर्षं मिळतात, आणि 'कळल्यावर' दाखवायला शनिवारचा एक महाएपिसोड. या प्रमाणात बदल करायला जास्त पैसा लागत नाही आणि मोठा सेटही लागत नाही. नायगावच्या शेडमध्ये उभं असलेलं तेच स्वयंपाकघर आणि तेच दोन चेहरे त्याला पुरेसे आहेत. फक्त मालिका बंद करण्याची तारीख लेखकाला सहा महिने आधी सांगायला हवी.