साडेतीनशे कोटींतले एकशे ऐंशी कोटी

देवळाली कॅम्पात राहणाऱ्या माणसाला लष्कर म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. १९४१ साली तोफखान्याची शाळा काकूलहून इथे आली. तोफांचे आवाज ऐकतच इथली पोरे मोठी होतात. छावणी आहे म्हणून बाजार आहे आणि बाजार आहे म्हणून कितीतरी घरांची चूल पेटते. त्यामुळे बाबासाहेबांनी लष्कराच्या खर्चावरून सरकारला खडसावले होते, असे सांगितले की इथला ऐकणारा चपापतो. ज्यांनी आपल्या माणसांसाठी पलटणीचे दार उघडायला लावले, तेच असे कसे बोलले?

हकीकत १९५१ सालची आहे. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबरला कायदेमंत्रिपदाचा राजीनामा पंतप्रधान नेहरूंकडे पाठवला. हिंदू कोड बिलाची जेमतेम चार कलमे मंजूर करून सरकारने ते बाजूला ठेवले होते. आपल्या मायबहिणींना वारसाहक्क आणि घटस्फोटाचा अधिकार देणारे ते बिल. राजीनामा का दिला, हे सभागृहात सांगायचे म्हणून १० ऑक्टोबरला बाबासाहेब उभे राहिले. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी त्यांना संध्याकाळची वेळ दिली आणि निवेदनाची प्रत आधी मागितली. आता आपण मंत्री नाही, असला हुकूम ऐकणार नाही, असे सांगून बाबासाहेब बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना देऊन टाकले. ज्याने घटनेचा मसुदा तयार केला, त्याच्याच बोलण्याची आधी तपासणी करायची! आम्हाला तर हा प्रसंग आजही खटकतो. पण त्याचा एक फायदा झाला. सभागृहातल्या मंडळींपुरते जे राहिले असते, ते दुसऱ्या दिवशी देशभर वाचले गेले.

त्या निवेदनात हिंदू कोड बिल होतेच. पण आणखी एक हिशेब होता, त्याची चर्चा आपल्यात फार होत नाही. देशाचा वर्षाचा महसूल सुमारे ३५० कोटी रुपये, त्यातले सुमारे १८० कोटी एकट्या लष्करावर जातात, असे त्यांनी दाखवून दिले. घरातला हिशेब करून पाहा. कर्त्याने महिन्याला साडेतीनशे रुपये आणले आणि त्यातले एकशे ऐंशी दाराला कुलूप, कोयंडा आणि राखणदार यांत गेले, तर उरलेल्या एकशे सत्तरात धान्य, औषध, पोरांची फी कशी भागवायची? आणि हा खर्च कशामुळे? बाबासाहेबांचे म्हणणे असे, की १९४७ साली आपले वाईट चिंतणारा एकही देश नव्हता. चार वर्षांत परराष्ट्र धोरणाने मित्र गमावले. अडचणीला धावून येणारा कोणी नाही, म्हणून सगळा भार एकट्याने उचलावा लागतो.

म्हणजे राग शिपायावर नव्हता. सुभेदार रामजींच्या मुलाचा तो असणार तरी कसा? इंग्रजांनी आपल्या माणसांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध सरल्यावर १९२१ साली मोडली. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला, आणि त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. शिपायाला मान द्या, पण त्याच्या नावावर चुकीचे धोरण खपवू नका, असा त्यांचा अर्थ आम्ही लावतो.

१९५२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या काजरोळकरांनी त्यांना हरवले. मग ते राज्यसभेत गेले आणि विरोधी बाकावरून तोच हिशेब पुढे मांडत राहिले. २६ ऑगस्ट १९५४ चे परराष्ट्र धोरणावरचे भाषण तर बौद्ध घरात माहीत असलेच पाहिजे. त्या वर्षी एप्रिलमध्ये भारताने तिबेटवर चीनचा अधिकार मान्य केला आणि कराराला नाव दिले पंचशील. बाबासाहेबांनी सभागृहाला आठवण दिली, की पंचशील हा बुद्धाच्या धम्माचा भाग आहे. माओचा त्यावर विश्वास असता, तर स्वतःच्या देशातल्या बौद्धांना त्याने वेगळी वागणूक दिली असती. राजकारणात पंचशीलाला जागा नाही, असे ते स्पष्ट बोलले. आठ वर्षांनी, १९६२ साली, चीनचे सैन्य सरहद्दीवर उतरले. बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते.

त्या युद्धानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६३ साली लोकसभेवर बिनविरोध निवडून आले, ते आपल्याच नाशिकमधून. त्याआधी, १९५७ ते १९६२, ही जागा कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्याकडे होती. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा हा माणूस, काळाराम मंदिर सत्याग्रहाचा खंदा वीर. बाबासाहेबांच्या राजीनाम्यात आणखी एक तक्रार होती, ती म्हणजे मागासवर्गीयांकडे सरकार लक्ष देत नाही. ती तक्रार दादासाहेबांनी पुढे चालवली, लोकसभेत आणि १९६२ ते १९६८ राज्यसभेत. भूमिहीनाला जमीन द्या आणि धम्म स्वीकारला म्हणून सवलती काढून घेऊ नका, या त्यांच्या मागण्या होत्या. बोलून भागले नाही तेव्हा ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. लाखो माणसे तुरुंगात गेली, त्यांत कडेवर मूल घेतलेल्या बायाही होत्या.

महाराष्ट्र राज्याने १९६० साली बौद्धांना सवलती दिल्या. दिल्लीने कायदा बदलला तो १९९० साली. दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ रोजी गेले होते.

बाबासाहेबांची ही संसदेतली भाषणे महाराष्ट्र शासनाने इंग्रजी ग्रंथमालेच्या पंधराव्या खंडात छापली आहेत. घरात कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल, तर ग्रंथालयातून तो खंड आणवा, आणि रात्री जेवणे आटोपल्यावर २६ ऑगस्टचे भाषण तिच्याकडून किंवा त्याच्याकडून मराठीत समजावून घ्या.