हेलिकॉप्टर अचानक शेतात उतरले तर काय करावे?

मिरज : नाशिकहून बेळगावकडे निघालेले लष्कराचे ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर ४ मे २०२४ रोजी तांत्रिक बिघाडामुळे मिरज तालुक्यातील एरंडोली येथे शेतात उतरवावे लागले. आतील सर्वजण सुखरूप होते. बघ्यांची मात्र मोठी गर्दी झाली.

शेतात का उतरवतात?
बिघाडाचा इशारा मिळाला की पायलट पुढे जाण्याचा धोका घेत नाही. विजेच्या तारा नसलेले, सपाट, मोकळे शिवार बघून खाली येतो. इंजिन बंद पडले तरी खालून येणाऱ्या हवेने वरचा पंखा फिरत राहतो, त्यावर उतरता येते. पण पंख्याचा कोन बदलणारा भागच तुटला तर पायलटच्या हातात फारसे काही राहत नाही. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला सरावाच्या उड्डाणात तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ कोसळून तिघांचा मृत्यू झाला. ‘स्वॉशप्लेट’ हा असाच भाग तुटल्याचे तपासात आढळले. म्हणून वेळीच शेतात उतरणे हाच शहाणपणा.

गावकऱ्यांनी काय करावे?
- पंखे पूर्ण थांबेपर्यंत लांब थांबा. शेपटीचा पंखा फिरताना नीट दिसत नाही, तिकडे तर फिरकूच नका.
- सेल्फीसाठी पोरांना पुढे पाठवू नका.
- टोपी, ओढणी, ताडपत्री उडून पंख्यात जाऊ शकते, सांभाळा.
- जवळ बिडी-काडी पेटवू नका, आत इंधन असते.
- ११२ नंबरला फोन करा, पोलीसपाटलांना कळवा, रस्ता मोकळा ठेवा.